पोलिसांना आपले नेटवरचे कॉल ऐकू द्यावेत का? आणि हुकमावर सही कोणाची?

तळजाई | मंगळवार, रात्री ९.१०

गेल्या आठवड्यात कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात सायबर गुन्ह्यांवर कार्यक्रम होता. बोलायला आलेले पोलीस अधिकारी तळमळीने बोलत होते. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार कायद्यात नाहीच, व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नाही, पैसे गेल्याचं लक्षात आलं की क्षणभरही न थांबता १९३० ला फोन करा, हे त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतले एक काका उठून म्हणाले, "साहेब, हे चोर व्हॉट्सॲपवरून बोलतात ना? मग सरकार सगळे कॉल ऐकत का नाही? आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. खुशाल ऐका!" यावर टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांनी मी अस्वस्थ झालो, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पोलिसांनी कोणाचंही बोलणं कधीच ऐकू नये असं मी म्हणत नाही. अपहरण झालंय, बॉम्बची धमकी आली आहे, तर ऐकावंच लागेल. माझा आक्षेप हुकमावरच्या सहीला आहे. आपल्या देशात फोन ऐकायचा हुकूम न्यायाधीश देत नाही. राज्यात तो गृहखात्याचे सचिव देतात, केंद्रात केंद्रीय गृहसचिव. मागणारे पोलीस गृहखात्याचे, परवानगी देणारं गृहखातं, आणि नंतर आढावा घेणारी समिती मुख्य सचिव आणि इतर सचिवांची. या साखळीत सरकारबाहेरचा एकही माणूस नाही. ज्याचं ऐकलं त्याला तर आयुष्यात कधी पत्ता लागत नाही.

माहिती-संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात या आढाव्याबद्दल लिहिलं आहे. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. समिती न उठता आठ तास बसली तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत नाव तरी वाचून होतं का?

आपल्या पुण्यापुरतं बोलायचं तर २०२२ साली बंडगार्डन पोलीस ठाण्यात बेकायदा फोन टॅपिंगचा गुन्हा दाखल झाला होता. राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांनी यादीत घालून ऐकले, असा आरोप होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, त्यामुळे कोणावर ठपका ठेवायला मी हे लिहीत नाही. मला खटकतं ते हे की असा आरोप झाल्यावर खरं-खोटं करायला आपल्याकडे बाहेरची एकही नोंद नसते. सगळे कागद आरोप ज्यांच्यावर आहे त्यांच्याच कपाटात.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः कायदा आणि तंत्र यांतल्या जाणकारांनी लिहावं.

---

बावधनची_सुमा | मंगळवार, रात्री १०.०२

तळजाईकाका, तुमचा मुद्दा कळला, पण मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतली आहे आणि का ते सांगते.

माझी मावशी एकटी राहते, वय ७४. तिला 'तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय' असा फोन आला आणि मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. फोन बेडरूममधल्या टेबलावर चार्जिंगला लावून उभा करायचा, नजरेआड जायचं नाही, बाथरूमला जाताना सांगून जायचं. रात्री झोपतानासुद्धा कॉल चालू. मोलकरीण आली तर 'बरं नाही' म्हणून दारातूनच परत पाठवायला लावलं. दुसऱ्या दिवशी बँकेत कानात इअरफोन घालून गेली. आरटीजीएसचा फॉर्म भरताना त्यात काय लिहायचं ते तो कानात सांगत होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, एवढी मोठी रक्कम?" तर 'नातवाच्या फ्लॅटसाठी' हे उत्तरही त्यानेच पढवलेलं.

तिची एफडी गेली. त्याहून वाईट म्हणजे ती अजून फोन वाजला की दचकते आणि आम्हाला 'तुम्ही मला मूर्ख समजता' म्हणून रडते.

इतके तास एक माणूस एका म्हातारीला कॉलवर छळतो आणि जगात कोणालाही ते ऐकू येत नाही, हे कसलं स्वातंत्र्य? खासगीपणा कोणाचा जपला गेला, मावशीचा की त्या चोराचा?

---

कट्टा_०९ | मंगळवार, रात्री १०.१५

सुमाताई, वाचून अंगावर काटा आला. मावशींना सांगा, यात त्यांची काहीही चूक नाही.

---

खराडी_बायपास | मंगळवार, रात्री ११.३०

मी नेटवर्किंगमध्ये काम करतो. सुमाताईंच्या प्रश्नाला तंत्राच्या बाजूने उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

साधा मोबाइल कॉल कंपनीच्या स्विचमधून जातो आणि तिथे तो उघडा असतो. आदेश कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पोचला की कॉलची एक प्रत तपास यंत्रणेकडे वळवता येते. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवर तसं नाही. तुम्ही कॉल लावलात की दोन्ही फोन आपापसात एक किल्ली ठरवतात. आवाज तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि समोरच्या फोनमध्येच उघडतो. मधला सर्व्हर पोस्टमनसारखा बंद पाकीट पोचवतो, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये हे सगळ्यांसाठी चालू केलं. (ऑफिसच्या मीटिंगची बहुतेक ॲप मात्र अशी नाहीत. तिथे साधारणपणे आवाज कंपनीच्या सर्व्हरवर उघडतो. ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते.)

म्हणजे पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही का? पुष्कळ लागतं. मोबाइल कंपनीकडून आयपीडीआर, म्हणजे कोणता नंबर कधी कोणत्या आयपी पत्त्याशी जोडला होता त्याची यादी. टॉवर लोकेशन. ॲपच्या कंपनीकडून खात्याची माहिती आणि लॉगिनचे आयपी पत्ते. बोलणं सोडून बोलण्याभोवतीचं जवळजवळ सगळं.

आता सुमाताईंच्या मावशींचा कॉल घ्या. त्यात चोर काय बोलला हे मावशींना शब्दन् शब्द माहीत आहे. तो पुरावा त्यांच्याकडे आहेच. पोलिसांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: पैसे ज्या भाड्याच्या खात्यांत गेले ती खाती मिनिटांत गोठवणं, ती खाती उघडून देणारे लोक, खोट्या कागदांवर घेतलेली सिमकार्डं, सीमेपलीकडून चालणारी कॉल सेंटरं. आणि तो कॉल चालू असताना ऐकायचा म्हटला तर कोणता कॉल ऐकायचा हे कसं कळणार? गुन्हा घडतोय हे कळण्याआधी ऐकायचं म्हणजे सगळ्यांचं ऐकायचं. टाळ्या वाजवणाऱ्यांनी या वाक्याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

'फक्त पोलिसांसाठी एक चोरदार ठेवा' हा पर्याय नेहमी पुढे येतो. २०१८ साली ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेशी संबंधित दोन तज्ज्ञांनी तसं सुचवलंही होतं: कुलूप मोडू नका, कॉलमध्ये गुपचूप एक तिसरा श्रोता घाला. पण तसं करायला ॲपला स्वतःच्याच वापरकर्त्याशी खोटं बोलावं लागतं, 'या कॉलवर दोघंच आहात' म्हणून. आणि एकदा ती सोय बांधली की ती कोण वापरेल यावर बांधणाऱ्याचा ताबा उरत नाही.

हे घडलेलं आहे. २००४-०५ मध्ये ग्रीसमधल्या एका मोबाइल कंपनीच्या स्विचमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी ठेवलेली सोय अज्ञातांनी चोरून चालू केली आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभराहून जास्त लोकांचे फोन महिनोन्महिने ऐकले. ते उघडकीला आलं तेव्हा फार उशीर झाला होता. २०२४ मध्ये अमेरिकेत 'सॉल्ट टायफून' नावाने ओळखला जाणारा चिनी हॅकरांचा गट बड्या टेलिफोन कंपन्यांत शिरला आणि कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचला. त्यानंतर डिसेंबरात तिथल्याच सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला की एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन, म्हणजे वर सांगितलेलं कुलूप असलेलीच ॲप वापरा.

---

जुना_एक्स्चेंज | बुधवार, सकाळी ७.०५

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. जुन्या एक्स्चेंजमध्ये हे काम कसं चालायचं ते नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून लिहितो.

प्रत्येक फोनची तांब्याची एक जोडी असायची आणि त्या भागातल्या सगळ्या जोड्या एका लांबलचक लोखंडी चौकटीवर, एमडीएफवर येऊन बसायच्या. ज्या नंबरवर 'देखरेख' ठेवायची त्याच्या टॅगवर समांतर तार मारायची आणि ती पोलिसांच्या खोलीकडे जाणाऱ्या जोडीला जोडायची. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी कागद लागायचा, कागद वरिष्ठांच्या हातून यायचा, तार मारणारा माणूस ती तार रोज येता-जाता बघायचा. मुदत संपली की 'साहेब, ती तार काढू का?' असं विचारणारा कोणीतरी असायचा. किती फोन ऐकता येतील यालाही मर्यादा होती, कारण ऐकायला माणसं बसवावी लागत.

आता संगणकावर नंबर टाकला की झालं. तार दिसत नाही, त्यामुळे ती काढायची आठवणही कोणाला होत नाही. म्हणून माझं मत असं की पूर्वीपेक्षा आज कागद जास्त कडक हवा. तळजाई यांच्याशी पूर्ण सहमत.

---

हडपसर_नाका | बुधवार, सकाळी ९.४०

माझा धाकटा भाऊ खात्यात आहे. क्राईम ब्रँचमध्ये बरीच वर्षं काढली त्याने. इथलं सगळं वाचून दाखवलं, त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत देतोय.

आजकाल एकही सराईत साधा कॉल करत नाही. कोयता घेऊन फिरणारी सतरा-अठरा वर्षांची पोरंसुद्धा 'नेटवर ये' म्हणतात आणि फोन ठेवतात. २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा केवढा साठा धरला ते सगळ्यांनी वाचलं. असल्या धंद्यांची साखळी दिल्ली, सांगलीपासून पार परदेशापर्यंत जाते. ती माणसं काय साध्या फोनवर बोलणार? पूर्वी एक नंबर 'लावला' की आठ दिवसांत टोळी उलगडायची. आता सीडीआर, म्हणजे नंबरवरच्या कॉलची यादी काढली तर त्यात डिलिव्हरीवाल्यांचे आणि बँकेचे कॉल. खरं बोलणं सगळं दुसरीकडे.

आणि न्यायाधीशाची सही म्हणता, तर मुलगी रात्री अकराला पळवली, कोर्ट सकाळी साडेदहाला उघडणार. तोवर गाडी कर्नाटकात. त्या आईसमोर उभं राहून 'ताई, सकाळपर्यंत थांबा' हे माझ्या भावाला सांगावं लागतं, इथे लिहिणाऱ्या कोणाला नाही.

कोणीही पोलीस हौसेने लोकांच्या गप्पा ऐकत बसत नाही हो. तेवढा वेळच नसतो त्यांना.

---

वकील_शिवाजीनगर | बुधवार, दुपारी १.२०

हडपसर_नाका, तुमच्या भावाची अडचण खरी आहे, पण रात्रीच्या अपहरणासाठी आजच्या नियमांतही वाट आहे. तातडी असेल तर राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकृत अधिकारी हुकूम देऊ शकतो. तीन कामकाजी दिवसांत गृहसचिवांना कळवायचं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी घ्यायची, नाहीतर ऐकणं बंद. टॅपिंगच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे अशी मंजुरी न मिळालेलं बोलणं पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. त्या सात दिवसांची मंजुरी सचिवाऐवजी न्यायाधीशाने द्यायची ठरवली तर मुलगी शोधायला एक मिनिटही जास्त लागणार नाही. मुद्दा एवढाच आहे.

आता कायद्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे एक गोष्ट कोणीच मांडली नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यांत गंभीर आहे.

साध्या फोनसाठी १८८५ च्या तार कायद्याचं कलम ५(२) होतं. त्यात अट होती की 'सार्वजनिक आणीबाणी' असेल किंवा 'सार्वजनिक सुरक्षितते'साठी गरज असेल तरच संदेश अडवता येईल. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठीच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि गृहसचिवांचा लेखी आदेश, ठरावीक मुदत, आढावा समिती ही चौकट घालून दिली. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी ही मागणी त्या खटल्यात झाली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही, तशी तरतूद कायद्यातच व्हायला हवी म्हणून. तिथून आजवर ती झालेली नाही. तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला तरी सही सचिवाचीच राहिली. आणीबाणी किंवा सुरक्षिततेची अट मात्र टिकली.

ही अट शोभेची नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे लाचखोरीच्या एका प्रकरणातलं टॅपिंग आलं. सीबीआयकडे गृहखात्याचे रीतसर आदेश होते. न्यायालयाने विचारलं, यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, लोकांच्या सुरक्षिततेला धोका कुठे आहे? आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं गेलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, त्याचा हा थेट परिणाम.

आता नेटवरचे कॉल. त्यांना लागतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९. त्यात आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची ती पहिली अट नाहीच. उलट 'कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी' हे कारण पुरतं. म्हणजे तोच माणूस, तेच बोलणं. साध्या फोनवर केलं तर कायद्याचं संरक्षण जास्त आणि नेटवर केलं तर कमी. आज पुण्यात निम्म्याहून जास्त खासगी बोलणं कुठे होत असेल ते तुम्हीच ठरवा.

तंत्राने दिलेलं कुलूप आहे म्हणून हे आपल्याला टोचत नाही. २००९ च्या नियमांत लिहिलं आहे की किल्ली कंपनीच्या हातात असेल तेवढ्यापुरतंच तिच्याकडून उकलून मागता येतं. खराडी_बायपास यांनी सांगितल्याप्रमाणे किल्ली कंपनीकडे नसतेच. उद्या कायद्याने कंपनीला किल्ली ठेवायला लावली तर त्या दिवशी मागे उरेल ते फक्त कलम ६९, आणि त्यात अडवायला फारसं काही नाही.

---

कट्टा_०९ | बुधवार, दुपारी १.४८

वकीलसाहेब, दोन शंका. पोलिसांनी बेकायदा ऐकलं तर तो पुरावा कोर्टात टिकतो का? आणि २०२१ चे ते मेसेज कोणी पहिल्यांदा पाठवला ते शोधायचे नियम कॉललाही लागू आहेत का?

---

वकील_शिवाजीनगर | बुधवार, दुपारी २.३०

दुसरं आधी. तो नियम मेसेजच्या मूळ पाठवणाऱ्याबद्दल आहे, कॉल ऐकण्याबद्दल नाही. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथे सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल.

पहिल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. १९७२ च्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून आपल्याकडे धोरण असं की पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्यावरून तो बाद होत नाही, तो विषयाशी संबंधित आणि खरा असला की झालं. २०१९ च्या मुंबईच्या निकालाने टॅपिंगपुरता वेगळा सूर लावला, पण सगळी न्यायालयं एका सुरात नाहीत. म्हणजे नियम मोडणाऱ्याला आज फारसं भय नाही.

गंमत नाही, खेदाने सांगतो की याबाबत आपल्या राज्याचा मोक्का जास्त बरा आहे. १९९९ च्या त्या कायद्यात टॅपिंगचं बोलणं पुरावा म्हणून आणायचं तर आदेशाची आणि त्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. संघटित गुन्हेगाराला जे मिळतं ते साध्या नागरिकाला मिळत नाही.

---

संपादक | बुधवार, दुपारी ४.००

पक्षांची आणि नेत्यांची नावं घेऊन लिहिलेले प्रतिसाद काढले आहेत. चर्चा छान चालली आहे, विषयावरच राहू द्या.

---

मनमोकळं | बुधवार, रात्री ९.५५

मी समुपदेशक आहे. करोनापासून निम्मं काम व्हिडिओ कॉलवर चालतं. 'लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य वाचल्यापासून लिहू की नको असं चाललं होतं.

ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते. एक बाई सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून माझ्याशी बोलते. काचा वर, एसी बंद, कारण इंजिनाचा आवाज वरच्या मजल्यावर जातो. कॉल संपला की कॉल लॉगमधून नोंद पुसते आणि मग भाजीची पिशवी घेऊन वर जाते. तिचा नवरा तिला मारतो. तो पोलिसात आहे.

पहिल्या सत्रात तिने मला एकच प्रश्न विचारला होता, "मॅडम, हा कॉल कोणी ऐकू शकतं का?" मी 'नाही' म्हणू शकले, म्हणून ती बोलली. 'तशी सोय आहे, पण ती फक्त गुन्हेगारांसाठी वापरतात' असं उत्तर असतं तर तिने तिथेच फोन ठेवला असता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कलम २३. तो हक्क मी माझ्या खोलीचं दार लावून पाळू शकते. कॉलवर तो पाळला जाणं माझ्या हातात नाही, त्या कुलपाच्या हातात आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत कोणी लग्नाबाहेर प्रेमात पडलेलं असतं, कोणी नोकरी गेल्याचं घरी सांगितलेलं नसतं, कोणी मुलगा असून मुलावर प्रेम करतो. यांतलं काहीही गुन्हा नाही. आणि यांतलं काहीही चुकीच्या माणसाच्या कानावर गेलं तर त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं.

---

बावधनची_सुमा | बुधवार, रात्री १०.४०

मनमोकळंताई, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. त्या बाईंसाठी तो कॉल बंदच राहायला हवा, हे मी मान्य करते.

पण माझा राग कमी झालेला नाही, फक्त कोणावर ते बदललं. मावशीचे पैसे पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यांत फिरत होते तेव्हा आम्ही तक्रार नोंदवायला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होतो. 'आधी ऑनलाइन भरा', 'स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्याचं आणा'. आम्ही शिक्का घेऊन आलो तोवर खाती रिकामी. कॉल ऐकायचा अधिकार असता तरी त्यातलं काय बदललं असतं?

---

हडपसर_नाका | गुरुवार, सकाळी ८.३०

सुमाताई, तुमचा अनुभव भावाला सांगितला. तो म्हणाला, ताईंचं बरोबर आहे, सायबरला माणसं कमी आणि तक्रारी डोंगराएवढ्या. हे मी लपवत नाही.

मनमोकळं यांच्या प्रतिसादावर मात्र एवढंच म्हणेन की एका वाईट माणसावरून खात्याला जोखू नका. बाकी त्या बाईंनी वरिष्ठांकडे किंवा महिला आयोगाकडे जावं.

---

मनमोकळं | गुरुवार, सकाळी ९.१५

खात्याला जोखत नाहीये, दादा. तुमच्या भावासारखे भरपूर लोक आहेत म्हणून तर आपण रात्री झोपतो. पण कायदा लिहिताना तुमच्या भावाला डोळ्यासमोर ठेवून चालत नाही, त्या नवऱ्यालाही ठेवावं लागतं. दोघांच्या हातात तोच अधिकार जाणार.

---

खराडी_बायपास | गुरुवार, सकाळी १०.५०

एक भर घालतो. 'कुलूप न मोडता ऐकणं' आजही होतं, फक्त महागडं असतं. २०१९ मध्ये पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या त्रुटीतून फोनमध्ये घुसलं होतं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. जगभरात साधारण १,४०० लोकांना लक्ष्य केलं गेलं, त्यात आपल्याकडचे पत्रकार, वकील, कार्यकर्तेही होते. फोनच ताब्यात घेतला की कुलूप बाहेर राहतं, आवाज आतून मिळतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की सरकारला मोकळं रान मिळतं असं नाही, अशा अर्थाचं खडसावलं.

म्हणून सहीचा प्रश्न एन्क्रिप्शन राहिलं तरी उरतोच. तळजाईकाकांचा मूळ मुद्दा इथेच येतो.

---

तळजाई | गुरुवार, रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः हडपसर_नाका यांचे, कारण विरोधी बाजू त्यांनी नेटाने मांडली नसती तर चर्चा एकांगी झाली असती.

सही न्यायाधीशाची असली तर काम अडतं का, हे इतर देशांत बघता येतं. अमेरिकेत फोन ऐकायला न्यायाधीशाचा हुकूम लागतो आणि असे किती हुकूम निघाले त्याचा अहवाल न्यायालयांचं प्रशासकीय कार्यालय दरवर्षी छापतं. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही बंधनकारक केली. जर्मनीत तपास संपल्यावर ज्याचं ऐकलं त्याला कळवावं लागतं, अपवाद सोडून. तिथले पोलीस गुन्हेगार पकडायचे थांबलेले नाहीत.

आपल्याकडे आकडासुद्धा मिळत नाही. स्वतःचा फोन टॅप होतोय का हे माहिती अधिकारात विचारलेलं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये निकाल लागला की ही माहिती देता येणार नाही. ठीक आहे, एकेका माणसाचं सांगू नका. पण एकूण किती, हे सांगायला काय हरकत आहे?

म्हणून मी आपल्या आमदारांना पत्र लिहितोय की येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा. मसुद्यात सध्या एवढं आहे: गेल्या पाच वर्षांत राज्याच्या गृहखात्याने दूरसंचार कायद्याखाली आणि कलम ६९ खाली किती आदेश काढले? पोलिसांचे किती अर्ज नाकारले? तातडी म्हणून सुरू केलेल्यांपैकी किती सात कामकाजी दिवसांत मंजूर झाले नाहीत, आणि त्यांची रेकॉर्डिंग नष्ट केल्याची नोंद आहे का? कोणाला सही करायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

वकील_शिवाजीनगर | गुरुवार, रात्री ८.५५

'नाकारले' हा प्रश्न पहिला ठेवा. एकही अर्ज नाकारला गेला नसेल तर बाकी काही विचारायची गरज पडणार नाही. मसुदा पाठवा, कलमांची भाषा तपासून देतो.

---

जुना_एक्स्चेंज | गुरुवार, रात्री ९.३०

माझी सही धरा.

---

बावधनची_सुमा | गुरुवार, रात्री ९.५२

माझीही, पण एक प्रश्न वाढवा. पुण्यात १९३० वर तक्रार नोंदवल्यापासून समोरचं खातं प्रत्यक्ष गोठेपर्यंत सरासरी किती वेळ लागतो, आणि सायबर पोलीस ठाण्यात मंजूर पदं किती, भरलेली किती? मावशीलाही वाचून दाखवलं. तीही सही करणार म्हणते.

---

हडपसर_नाका | गुरुवार, रात्री १०.१०

न्यायाधीशाच्या सहीचं मला अजून पटलेलं नाही, त्यामुळे वरच्या तीन प्रश्नांवर माझी सही नको. सुमाताईंचा प्रश्न वेगळ्या पत्रात टाका. त्यावर मी सही करतो आणि आमच्या लायनीतल्या दहा-पंधरा घरांच्या आणून देतो.

---

तळजाई | गुरुवार, रात्री १०.२५

चालेल. दोन पत्रं करू. उद्या संध्याकाळपर्यंत दोन्ही मसुदे इथे टाकतो.